आधी कानस की आधी यंत्र : शालेय कार्यशाळेचा एक जुना वाद



शाळेत यंत्रमानव बनविण्याची कार्यशाळा काढावी आणि तिचा निधी माजी विद्यार्थ्यांनी उभारावा, अशी कल्पना निघाली, तेव्हा लगोलग यंत्रांच्या याद्या आल्या. बहुतेक याद्यांत संगणकनियंत्रित मिलिंग यंत्र अग्रस्थानी होते. कानस एकाही यादीत नव्हती. म्हणून आजचा विषय.

कारागिरी शिकायची म्हणजे कारखान्यात उमेदवारी करायची, उस्तादाच्या हाताकडे पाहत वर्षे काढायची, हा सर्वत्र रिवाज होता. 1868 च्या सुमारास मॉस्कोच्या शाही तंत्रशाळेचे संचालक व्हिक्टर डेला-वॉस यांनी तो मोडला. शिकविण्याची कार्यशाळा त्यांनी माल काढणाऱ्या कार्यशाळेपासून वेगळी केली. कांतकाम, सुतारकाम, जोडकाम, लोहारकाम यांची दालने निराळी. विद्यार्थी जितके, तितक्याच जागा आणि तितकेच हत्यारांचे संच. आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारे नमुने. 1876 मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले. एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी ते पाहिले आणि त्याच वर्षी आपल्या संस्थेत ती पद्धती आणली.

याच्या उलट मत अमेरिकेतल्याच वूस्टर येथील तंत्रसंस्थेचे होते. तेथील वॉशबर्न कार्यशाळेत विद्यार्थी विक्रीचा माल तयार करीत. गिऱ्हाईक परत पाठवील या धाकाने हात नीट चालतो, हा त्यामागचा विचार. तोही चुकीचा म्हणवत नाही. आपल्याकडे स्पर्धेसाठी यंत्रमानव करणारी मुले वूस्टरच्या वाटेने जातात. तारीख जवळ आली की शिकणे बाजूला राहते आणि भाग विकत आणले जातात.

आपल्या बडोद्याला हा विचार नवखा नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1890 मध्ये कलाभवन स्थापिले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपविली. शास्त्र आणि हुन्नर यांची सांगड घालणे हा त्यांचा ध्यास. दादासाहेब फाळके हेही काही काळ तेथे शिकले होते, ही आठवण जाता जाता.

आता मूळ प्रश्न. यंत्रातला अचूकपणा आला कोठून? लंडनच्या हेन्री मॉड्स्ले यांनी 1800 च्या सुमारास मळसूत्रावर चालणारी हत्यारघोडी लेथला बसविली आणि एकसारखे आटे कापता येऊ लागले. त्यांच्याच कारखान्यात घडलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये खरा सपाट पृष्ठभाग कसा साधावा, हे विद्वानांपुढे मांडले. दोन पत्रे एकमेकांवर घासून जुळविली, तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट राहूनही ती जुळतात. तीन पत्रे आलटूनपालटून जुळविली, तर तिन्ही सपाट झाल्यावाचून गत्यंतर नसते. उंचवटे मात्र हाताने खरवडूनच काढावे लागत. पुढच्याच वर्षी, 1841 मध्ये, त्यांनी आट्यांचे प्रमाण सुचविले. तोवर ज्या कारखान्याचा बोल्ट, त्याच कारखान्याचा नट, असा कारभार होता.

म्हणून माझे माप डेला-वॉस यांच्या पारड्यात पडते. प्रत्येक विद्यार्थ्याला पक्का व्हाइस, दोनतीन कानशी, हॅक्सॉ, गुण्या, आखणीची सुई आणि सेंटर पंच. चौघांत एक व्हर्निअर. समोरासमोरच्या दोन पत्र्यांतील भोके अर्धा मिलिमीटर चुकली की दांडा अडकतो, मोटर जादा वीज ओढते आणि तापते. मुलगा दोष संगणकाच्या आज्ञावलीत शोधत बसतो! त्यानंतर बाकावरचे ड्रिलिंग मशीन. त्याच्यापाशी हातमोजे आणि लोंबते कपडे वर्ज्य, चष्मा सक्तीचा. नंतर एक लेथ. हलक्या नव्या लेथपेक्षा जड बैठकीचा जुना बरा, कारण हलके यंत्र कापताना थरथरते. शाळेत तीन फेजची वीज आहे की नाही, हे मात्र आधी पाहावे लागेल. संगणकनियंत्रित यंत्र तिसऱ्या वर्षी घ्यावे, असे माझे मत. त्रिमितीय छपाईचे यंत्र तुलनेने स्वस्त, ते आधी आले तरी माझी तक्रार नाही.

जुना लेथ पाहताना रंगावर जाऊ नये. चकजवळची बैठक सर्वांत आधी झिजते. घोडी तेथे सैल आणि दूरच्या टोकाला घट्ट चालली, तर तो लेथ सोडून द्यावा. समितीने बोलावले, तर तपासणीला मी स्वतः येईन.