रक्तपेशींचे वृद्धिकारक आणि सातपुड्यातील सिकलसेलचा प्रश्न

तापी आणि सातपुडा यांच्या दरम्यान वसलेला चोपडा तालुका उत्तरेस मध्य प्रदेशाच्या सीमेला भिडतो. त्याच्या डोंगरपट्ट्यातील भिल्ल, पावरा व तडवी वस्ती मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहेच. रक्तविज्ञानाच्या दृष्टीनेही हा प्रदेश तितकाच विचारार्ह आहे. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचे जनुक लक्षणीय प्रमाणात आढळते. आई आणि वडील या दोघांकडूनही ते मिळालेल्या अपत्याच्या तांबड्या पेशी, प्राणवायू कमी पडताच, विळ्याप्रमाणे वाकतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. परंतु दोष एकच असूनही एका रुग्णास वारंवार असह्य वेदना व्हाव्यात आणि दुसऱ्याने तुलनेने सुखाने दिवस काढावेत, असे का घडते? या प्रश्नाचा शोध शरीराबाहेर, काचपात्रात वाढविलेल्या रक्तपेशींवर घेता येऊ लागला, तो ज्या साधनामुळे, ते साधन म्हणजे पुनःसंयोजित मानवी वृद्धिकारक होय.

या साधनाचा इतिहास जनुकतंत्राच्या विजयाची कथा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो मापनाचा इतिहास आहे. १९०६ साली पॅरिस येथे कार्नो व देफ्लांद्र यांनी रक्तस्राव घडविलेल्या सशाचा रक्तरस निरोगी सशास टोचला आणि त्याच्या तांबड्या पेशी वाढल्याचे नोंदविले. रक्तनिर्मितीस चालना देणारे द्रव्य रक्तातूनच वाहत असावे, हे त्यांचे अनुमान पुढे खरे ठरले. तथापि इतरांस तो प्रयोग साधेना, आणि ते द्रव्य दीर्घकाळ संशयास्पद राहिले. १९५३ साली अर्स्लेव्ह यांनी रक्तक्षयी सशांचा रक्तरस मोठ्या प्रमाणात टोचून हा संशय फेडला. या द्रव्यास एरिथ्रोपोएटिन हे नाव तत्पूर्वीच १९४८ साली मिळाले होते. त्याच्या निर्मितीचे प्रमुख स्थान मूत्रपिंड असल्याचे शिकागो येथील जेकबसन व गोल्डवासर यांच्या गटाने १९५७ साली दाखविले.

द्रव्य हाती नसताना त्याचे माप कसे ठरवावे, ही खरी अडचण होती. ती क्रियेवरून सोडविण्यात आली. उपाशी ठेवलेल्या उंदरांत किरणोत्सारी लोह तांबड्या पेशींत किती शिरते हे पाहावयाचे, आणि ५ मायक्रोमोल कोबाल्ट क्लोराइडाने जेवढा परिणाम होतो, तेवढा परिणाम करणारे प्रमाण म्हणजे एक एकक मानावयाचे! या वरकरणी ओबडधोबड मापाच्या आधारानेच शुद्धीकरणाची प्रत्येक पायरी तपासता आली. १९७७ साली मियाके, कुंग व गोल्डवासर यांनी रक्तक्षयाच्या जपानी रुग्णांच्या २,५५० लिटर मूत्रातून काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य मिळविले. त्याच्या रचनेचा धागा धरून १९८५ साली मानवी जनुक अलग करण्यात आले आणि ते चिनी हॅमस्टरच्या पेशींत घालून हवे तेवढे एरिथ्रोपोएटिन तयार करता येऊ लागले.

पेशीसंवर्धनाची वाट याला समांतर चालली होती. १९६५ साली इस्राएलमध्ये प्लुझनिक व साक्स यांनी, आणि १९६६ साली मेलबर्न येथे ब्रॅडली व मेटकाफ यांनी, मऊ आगरमध्ये रक्तपेशींच्या वसाहती वाढविल्या. त्यासाठी लागणारे वृद्धिकारक अन्य पेशींच्या स्रावातून मिळत असे. १९८९ साली जेरुसलेम येथे फिबाख यांनी साध्या रक्तनमुन्यातून तांबड्या पेशींची पूर्वरूपे दोन टप्प्यांत वाढविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या टप्प्यातही मूत्राशयाच्या कर्कपेशींचा स्राव वापरलेला होता.

अशा स्रावाचा दोष अल्पता हा नव्हे, अनिश्चितता हा होय. त्यात कोणती द्रव्ये किती आहेत हे नेमके सांगता येत नाही, आणि दोन वेळचे स्राव एकसारखे असतीलच असे नाही. सिकलसेलच्या बाबतीत हा दोष निर्णायक ठरतो. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन ज्या रुग्णाच्या रक्तात जन्मानंतरही अधिक राहते, त्याच्या पेशी कमी वाकतात. भारतीय रुग्णांत ते पुष्कळदा अधिक आढळते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने त्याचे प्रमाण वाढते, आणि वेदनांचे झटके कमी होतात हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने सिद्ध केले. आता काचपात्रात असे हिमोग्लोबिन वाढलेले दिसले, तर ते औषधामुळे, रुग्णाच्या आनुवंशामुळे, की पोषकद्रवातील अज्ञात घटकामुळे? पुनःसंयोजित वृद्धिकारक मोजून वापरता येतो, म्हणूनच यांपैकी तिसरी शंका बाजूस सारता येते. संशोधनाच्या दृष्टीने त्याचे मोल विपुलतेपेक्षा सारखेपणात आहे.

महाराष्ट्रात या अभ्यासाचा पाया पूर्वीच घातला गेला होता. मुंबईत १९५७ साली निघालेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातून पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था उभी राहिली. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या पेशीसंवर्धन केंद्रातून राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आकारास आले. १ जुलै २०२३ रोजी आरंभलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने आदिवासी भागांतील तपासणीस गती दिली. तपासणी रुग्ण कोण हे सांगते. त्याच्या व्याधीची तीव्रता कशाने ठरते, हे संवर्धित पेशी काही अंशी सांगू शकतात. काही अंशीच, कारण हिवताप, अपुरे अन्न आणि पाड्यापासून दवाखान्यापर्यंतचे अंतर यांना काचपात्रात स्थान नाही. मापन शुद्ध झाले म्हणून प्रश्न सुटला असे नव्हे; परंतु कोणता भाग रक्ताचा आणि कोणता परिस्थितीचा, हे वेगळे करणे मात्र त्यामुळे शक्य झाले आहे. सातपुड्यातील रुग्णांच्या दृष्टीने या दोन्ही भागांची जबाबदारी निश्चित होणे अगत्याचे आहे.