कोंबड्याची हाक, चितळाची शीळ

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीतील पाड्यांवर दिवेलागणीला कोंबड्या डालण्याची घाई सुरू होते. डालग्यावर दगड ठेवला जातो, खुराड्याची कडी नीट लागली की नाही हे पुन्हा एकदा पाहिले जाते. रानमांजर, उदमांजर आणि कधी खुद्द बिबट्या यांचा वावर असलेल्या या भागात ही काळजी घ्यावीच लागते. अंधारात कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही. तिचे रानातील पूर्वज रात्री झाडाच्या फांदीवर चढून बसत. गावठी कोंबडीत ती सवय अजून शिल्लक आहे. अंगाने जड झालेल्या ब्रॉयलर कोंबडीला मात्र तेही साधत नाही.

दिवसा हीच कोंबडी इतकी असहाय नसते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने दाणे टिपतानाही तिची नजर चौफेर असते. शिवाय कळपाला इशारा देण्यासाठी कोंबड्याकडे दोन निरनिराळ्या हाका असतात. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला, तर तो बारीक, लांबट किंकाळी काढतो. मुंगसासारखा जमिनीवरचा शत्रू दिसला, तर मोठ्याने, तुटक 'कॉक-कॉक' सुरू होते. ख्रिस्तोफर एव्हान्स, लिंडा एव्हान्स आणि पीटर मार्लर या संशोधकांनी १९९३ मध्ये या हाका ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना ऐकवल्या. शत्रू समोर नसतानाही पहिल्या हाकेला कोंबड्या आडोशाकडे धावल्या, दबून बसल्या आणि मान तिरकी करून वर पाहू लागल्या. दुसऱ्या हाकेला त्या मान ताठ करून उभ्या राहिल्या. हाक नुसत्या भीतीची नव्हती. शत्रू कुठून येतो आहे हेही ती सांगत होती. गंमत अशी, की आसपास कोणी कोंबडी नसेल, तर घार दिसूनही कोंबडा बहुधा गप्पच राहतो.

उद्यानाच्या आतही हीच रीत दिसते. बिबट्याची चाहूल लागताच चितळ तीक्ष्ण शीळ घालते आणि पुढचा पाय जमिनीवर आपटते. सांबराचा ठणठणीत आवाज दूरवर ऐकू जातो. झाडावरचे वानर खाकरल्यासारखे ओरडू लागले, की खाली चरणारी चितळे माना वर करतात. वानराला उंचावरून लांबचे दिसते, तर चितळाचे नाक आणि कान तिखट. त्यामुळे या शेजाराचा दोघांनाही उपयोग होतो. मात्र हे ओरडणे केवळ सोबत्यांसाठी नसते. बिबट्या दूरवर पाठलाग करणारा शिकारी नव्हे. दबा धरून, अगदी जवळ येऊन तो झडप घालतो. आपण दिसलो आहोत हे कळल्यावर तो बहुधा शिकारीचा नाद सोडून देतो.

ज्यांना ओरडून भागत नाही, ते फसवतात. उद्यानातील 'ब्लू ओकलीफ' फुलपाखराने पंख मिटले, की सुकलेले पानच वाटते. रुईच्या पानांवर वाढलेले 'प्लेन टायगर' पक्ष्यांना बेचव व अपायकारक लागते आणि निराळ्या जातीच्या 'डॅनेड एगफ्लाय'ची मादी हुबेहूब त्याचा वेश घेते. घरातील पाल शेपूट टाकून पळते. साळिंदर काटे फेकून मारते, ही समजूत मात्र खोटी. ते काटे फुलवून शत्रूकडे पाठ करते आणि मागे मागे धावते.

शहरातील भटक्या कुत्र्याचे संरक्षण म्हणजे भुंकणे आणि टोळी. परंतु कचराकुंडीजवळ एकटे झोपलेले कुत्रे बिबट्याला सहज सापडते. २०१५ मध्ये कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या गणनेत उद्यान व परिसरात ३५ बिबटे आढळले होते. त्यांच्या आहारात चितळ, सांबराबरोबर कुत्र्यांचाही मोठा वाटा असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे ज्या वस्तीत उघडा कचरा, तिथे कुत्री. आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या.

अशा वस्तीत माणसालाही धोका असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरेत बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुकलीचा जीव गेला. लहान मूल किंवा अंधारात उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला आकाराने नेहमीच्या भक्ष्यासारखा वाटू शकतो. त्यामुळे पाड्यांवर घराजवळ दिवा आणि स्वच्छतागृह असणे हा केवळ सोयीचा प्रश्न उरत नाही. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये, जाताना घोळक्याने जावे, हातात बॅटरी ठेवावी आणि मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चालावे, असे या भागातील रहिवाशांना सांगितले जाते.