इंग्रजी भाषाध्ययनाची मुक्त साधने

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही, अशा अध्ययनार्थींना ती स्वप्रयत्नाने शिकता यावी किंवा सुधारता यावी, या हेतूने विनामूल्य उपलब्ध करून दिलेले पाठ, ध्वनिमुद्रणे, कोश, ग्रंथ व सराव-साहित्य यांना स्थूलमानाने ‘मुक्त साधने’ असे म्हटले जाते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही साधने मुख्यतः इंटरनेटवरून प्रसृत होऊ लागली. ‘विनामूल्य’ आणि ‘मुक्त’ या दोन शब्दांत मात्र भेद करणे आवश्यक आहे. वाचकाकडून पैसे न घेता दिलेले साहित्य विनामूल्य होय. ज्याची प्रत काढण्याची, त्यात बदल करण्याची आणि ते पुन्हा वाटण्याची अनुज्ञाही सर्वांना असते, ते काटेकोर अर्थाने मुक्त होय. या साधनांचा इतिहास पाहताना हा भेद पदोपदी प्रत्ययास येतो.

भारताच्या २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या सु. २.६ लाख होती, तर तिची दुसरी भाषा म्हणून सु. ८.३ कोटी आणि तिसरी भाषा म्हणून सु. ४.६ कोटी लोकांनी नोंद केली. म्हणजे या देशात इंग्रजी जाणणाऱ्यांपैकी बहुतेक सर्वांनी ती घराबाहेर, शिकूनच मिळविलेली आहे. उच्च शिक्षण, न्यायालये आणि नोकऱ्या यांत इंग्रजीला असलेल्या स्थानामुळे ती शिकण्याची साधने कोणाच्या हाती पडतात, हा सामाजिक न्यायाचाही प्रश्न ठरतो.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात या प्रश्नाची जाणीव एकोणिसाव्या शतकातच झालेली दिसते. सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांनी काव्यफुले (१८५४) या संग्रहातून शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले. शाळेत पुरेसे इंग्रजी न मिळालेल्या मराठी माणसाने पुढे तर्खडकर भाषांतर पाठमालेच्या आधारे घरी अभ्यास करावा, असा प्रघात पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. मराठी वाक्याचे इंग्रजी व इंग्रजी वाक्याचे मराठी भाषांतर करीत जाण्याची ही रीत व्याकरण पक्के करणारी होती. परंतु तीत भाषेचा नाद कानावर पडत नसे. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या लिंग्वाफोन या संस्थेने पुढे ध्वनिमुद्रित पाठ विक्रीस आणले, तरी ग्रामोफोन आणि तबकड्या यांची किंमत सामान्य अध्ययनार्थीच्या आवाक्याबाहेरची होती.

याच सुमारास भाषाशिक्षणतज्ज्ञांचे लक्ष शब्दसंग्रहाच्या मर्यादेकडे वळले. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट (१८८८–१९७३) यांना बंगालमधील विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून असे आढळले, की अपरिचित शब्दांची दाटी हेच वाचनातील मुख्य विघ्न असते. त्यांनी निवडक शब्दांत बेतलेली क्रमिक वाचनमाला रचली. १९३५ च्या कोशात १,४९० शब्दांच्या साहाय्याने इतर सर्व शब्दांचे अर्थ दिले आणि १९५३ मध्ये सु. २,००० अतिवापरातील शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सी. के. ऑग्डेन (१८८९–१९५७) यांनी १९३० मध्ये मांडलेल्या ‘बेसिक इंग्लिश’मध्ये केवळ ८५० शब्द होते. ए. एस. हॉर्नबी (१८९८–१९७८) यांचा परभाषी अध्ययनार्थींसाठीचा कोश प्रथम १९४२ मध्ये टोकिओत आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयातर्फे प्रसिद्ध झाला. शब्द मोजून, निवडून आणि क्रमाने देण्याचे हे तत्त्व पुढील सर्व साधनांचा पाया ठरले.

नभोवाणीचे युग : ध्वनी विनामूल्य घरोघर पोहोचविण्याचे कार्य नभोवाणीने केले. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने (बीबीसी) १९४३ मध्ये परदेशस्थ श्रोत्यांसाठी इंग्रजीचे पाठ प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. अमेरिकेच्या व्हॉइस ऑफ अमेरिका या शासकीय नभोवाणीने १९ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘स्पेशल इंग्लिश’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याची घडण तीन नियमांवर आधारलेली होती : शब्दसंग्रह सु. १,५०० शब्दांपुरता, वाक्ये लहान, प्रत्येकात एकच कल्पना व वाक्प्रचारांचा वापर टाळलेला, आणि वाचनाची गती नेहमीच्या गतीच्या सु. दोन-तृतीयांश. त्यात व्याकरणाचा धडा नसे. बातम्या, विज्ञान, आरोग्य, शेती आणि अमेरिकेचा इतिहास हे विषय असत. भाषा हा पाठाचा विषय न राहता ज्ञानाचे वाहन झाली, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. परदेशांत अमेरिकेविषयी अनुकूल मत घडविणे हा त्यामागील राजकीय हेतू होता, हेही नमूद केले पाहिजे. दूरचित्रवाणीवर बीबीसीच्या ‘फॉलो मी’ या मालिकेने अशीच कामगिरी बजावली. चीनमध्ये ती १९८२ पासून दाखविण्यात आली व तेथे तिला विपुल प्रेक्षकवर्ग लाभला. नभोवाणीच्या पाठात मात्र एक मूलभूत उणीव होती. निसटलेले वाक्य पुन्हा ऐकता येत नसे आणि ठरलेल्या वेळी श्रोता हजर नसला, तर पाठ हुकत असे.

इंटरनेटवरील आरंभ : ही उणीव संगणकीय जाळ्याने भरून काढली. मायकेल हार्ट (१९४७–२०११) यांनी ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित करून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’चा पाया घातला. प्रताधिकाराची मुदत संपलेले ग्रंथ स्वयंसेवकांकरवी विनामूल्य उपलब्ध करून देणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्ष इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीची साधने १९९० नंतरच्या दशकात अवतरली. पर्ड्यू विद्यापीठाने १९९४ मध्ये लेखनविषयक मार्गदर्शन इंटरनेटवर खुले केले; डेव्ह स्पर्लिंग यांचे ‘ईएसएल कॅफे’ (१९९५) आणि रँडल डेव्हिस यांची श्रवणसरावाची प्रयोगशाळा (१९९८) ही शिक्षकांनी वैयक्तिक उत्साहाने उभारलेली आरंभीची संकेतस्थळे होत. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेटसेवा सुरू केली. प्रथम ती महानगरांपुरती आणि महागडी होती. त्यामुळे जगात विनामूल्य झालेले साहित्य जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्यास बराच काळ दुर्लभच राहिले.

मुक्त परवाने : २००१ मध्ये विकिपीडियाची सुलभ इंग्रजीतील आवृत्ती निघाली. ऑग्डेन यांची कल्पना तीत विश्वकोशाच्या रूपाने पुन्हा प्रकटली. २००२ मध्ये यूनेस्कोने पॅरिस येथे भरविलेल्या परिषदेत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा स्वीकारण्यात आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाने प्रसिद्ध झाले. त्यांच्यामुळे लेखकाला आपले साहित्य कोणत्या अटींवर वापरता येईल, हे आधीच जाहीर करता येऊ लागले. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’ या उपक्रमात स्वयंसेवक प्रताधिकारमुक्त पुस्तकांचे वाचन ध्वनिमुद्रित करतात. गुटेनबर्गवरील संहिता व लिब्रिव्हॉक्सवरील ध्वनी एकत्र घेतल्यास वाचता वाचता ऐकण्याचे साधन आपोआप सिद्ध होते.

येथे एक विरोधाभास उद्‌भवतो. प्रताधिकारमुक्त साहित्य बहुधा जुने असते. एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांवर पोसलेले इंग्रजी आजच्या पत्रव्यवहारात वा मुलाखतीत विचित्र वाटते. मराठी अध्ययनार्थीला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. पण त्यातील इंग्रजी प्रतिशब्द त्या काळाचे आहेत. याउलट हॉर्नबी यांच्या परंपरेतील अद्ययावत कोश उच्चारांसह इंटरनेटवर विनामूल्य पाहता येत असले, तरी त्यांवर प्रकाशकांचा प्रताधिकार आहे. प्रकाशकाने ते मागे घेतल्यास शिक्षकाला त्यांची प्रत ठेवता येत नाही. बीबीसी व ब्रिटिश कौन्सिल यांचे पाठही विनामूल्य आहेत, मुक्त नव्हेत. आधुनिक, क्रमबद्ध आणि तरीही सार्वजनिक मालकीचे असे साहित्य विरळाच आढळते. व्हॉइस ऑफ अमेरिकाने स्वतः निर्माण केलेले पाठ शासकीय निर्मिती म्हणून सार्वजनिक मालकीचे असल्याने या तिन्ही कसोट्यांना उतरतात. स्पेशल इंग्लिशचे २०१४ मध्ये ‘लर्निंग इंग्लिश’ असे नामांतर झाले.

चित्रफिती आणि मोबाइल : २००५ मध्ये सुरू झालेल्या यूट्यूबमुळे वैयक्तिक शिक्षकाचा पाठ जगभर दिसू लागला. २०१२ मध्ये ‘ड्युओलिंगो’ हे खेळवजा सरावाचे अनुप्रयोग सर्वांस खुले झाले. त्याचा खर्च जाहिराती व वर्गणीदार यांच्याद्वारे भागविला जातो. गुगलच्या यंत्रभाषांतरात मे २०१३ मध्ये मराठीचा समावेश करण्यात आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतात मोबाइलवरील इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि चित्रफिती पाहणे ग्रामीण भागातही शक्य झाले. मराठीतून इंग्रजी समजावून देणाऱ्या वाहिन्यांची वाढ त्यानंतरची आहे. महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले होते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पुढे विनामूल्य ई-प्रतींच्या रूपाने मिळू लागली आणि त्यांवरील क्यूआर संकेतांद्वारे ती २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावरील दृक्‌श्राव्य साहित्याशी जोडण्यात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये खुल्या झालेल्या चॅटजीपीटीसारख्या संवादी यंत्रणांमुळे लिहिलेले वाक्य तत्काळ तपासून घेण्याची सोय झाली. मात्र या यंत्रणा चुकीची माहितीही निःशंकपणे देतात.

उपयोगाची पद्धती : साधनांच्या विपुलतेमुळे निवडीचे महत्त्व वाढले आहे. स्टीव्हन क्रॅशेन (१९४१–    ) यांच्या मते सद्यःस्थितीतील आकलनाच्या किंचित पुढची, परंतु समजण्याजोगी भाषा विपुल प्रमाणात कानी व डोळ्यांपुढे आल्याने भाषा आत्मसात होते. केवळ तेवढे पुरेसे नाही, बोलणे-लिहिणे आणि दुरुस्ती यांचीही गरज असते, असा प्रतिपक्ष आहे. व्यवहारात दोहोंचा मेळ घालावा लागतो. एकच छोटा पाठ प्रथम संहितेविना ऐकणे, नंतर संहितेसह ऐकणे, निवेदकामागोमाग मोठ्याने म्हणणे आणि शेवटी त्याचा सारांश आपल्या शब्दांत लिहून तो तपासून घेणे, हा क्रम अनेक पाठ नुसते चाळण्यापेक्षा अधिक फलदायी ठरतो.

मराठी भाषकाच्या अडचणी विशिष्ट स्वरूपाच्या असतात. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, तर इंग्रजीत तत्सम शब्द नामाआधी येतात. इंग्रजीतील दोन भिन्न व्यंजने मराठीत ‘व’ व ‘व्ह’ अशी लिहिली जातात. तथापि मराठी ‘व्ह’ महाप्राण असल्याने मूळ उच्चाराशी जुळत नाही. इंग्रजी शब्दातील आघाताचे स्थान लेखनावरून कळत नाही. चुकीच्या अवयवावर आघात दिल्यास परिचित शब्दही श्रोत्याला ओळखू येत नाही. यांपैकी उच्चार व आघात यांविषयीच्या अडचणी कोशांतील ध्वनिमुद्रित उच्चारांनी बऱ्याच दूर होऊ शकतात. आणि पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना नेमके हेच साहाय्य मिळाले नव्हते.

मर्यादा व मूल्यमापन : साहित्य विनामूल्य असले, तरी ते मिळविण्यास उपकरण, जोडणी व निवांत वेळ लागतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील सु. ५७ टक्के पुरुषांनी, पण केवळ सु. ३३ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. घरात एकच मोबाइल असेल, तर तो बहुधा मुलीच्या हाती शेवटी येतो. स्वाध्ययनात सातत्य टिकणे अवघड असते. विनामूल्य अभ्यासक्रमांना नावे नोंदविणाऱ्यांपैकी बहुसंख्य ते पूर्ण करीत नाहीत. शिक्षकाचे काम यामुळे संपले नाही. त्याचे स्वरूप साहित्य पुरविण्याकडून निवड, दुरुस्ती आणि प्रोत्साहन यांकडे झुकले.

या साधनांच्या स्थैर्याचा प्रश्न २०२५ मध्ये ठळकपणे पुढे आला. त्या वर्षाच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आदेशानंतर व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले आणि १९५९ पासून चालत आलेली सुलभ इंग्रजीतील कार्यक्रमांची निर्मिती खंडित झाली. ज्या श्रोत्यांसाठी हा कार्यक्रम होता, ते त्याचे करदाते नव्हते. तो चालू ठेवण्याचा वा थांबविण्याचा अधिकार त्यांच्याकडे कधीच नव्हता. विनामूल्य साधनाचा खर्च कोणीतरी उचलीत असतो आणि तो हात आखडता घेईल, तेव्हा साधनही थांबते. मात्र हे पाठ सार्वजनिक मालकीचे असल्यामुळे त्यांच्या प्रती ठेवण्यास, वर्गात वाटण्यास व मराठी टिपांसह पुन्हा सिद्ध करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. विनामूल्य व मुक्त यांतील भेदाचे व्यावहारिक मूल्य येथे दिसते : पहिल्याचे आयुष्य दात्याच्या इच्छेइतके असते, तर दुसऱ्याचे ते जपणाऱ्यांच्या तत्परतेइतके. ग्रंथालये, शाळा आणि विद्यापीठे यांनी अशा साहित्याच्या प्रती स्वतःजवळ जतन करणे, हे म्हणूनच भाषाशिक्षणाच्या नियोजनाचे एक आवश्यक अंग ठरते.