वस्तरा आणि न्हाणीघर

‘वस्तरा’ आला फारसी ‘उस्तरा’तून. ‘हजामत’ अरबी ‘हिजामा’वरून, हिजामा म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं, आणि आपले न्हावी तुंबड्याही लावतच. ‘न्हावी’ संस्कृत ‘नापित’, मुळात न्हाऊ घालणारा. तरी त्याला न्हाणीघरात प्रवेश नव्हता! दाढी पडवीत व्हायची. उजेडाचं कारण खरं, पण अर्धंच. अकीक्याला बाळाचं डोकं हज्जामाच्या हाती देणाऱ्या आम्हा मुसलमानांनीही त्याला खालचंच मानलं.

दाढी घरात आली ती १९०३ नंतर, जिलेटच्या बदलत्या पात्यांनी. आज होळीत कुणाला घरी वस्तरा चालवायचा असेल, तर न्हाणीघरात पडवीचा उजेड हवा: समोर खिडकी, डोळ्यांच्या उंचीवर आरसा, चामडी पट्ट्याला भक्कम हूक. वस्तरा मात्र तिथे ठेवू नये. वसईच्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद गंजतं. पुसून, तेलाचं बोट फिरवून तो कपाटात ठेवावा.