फॉस्फरस: दाराला लावलेला दगड ते डुकराचं खाद्य

आजची गोष्ट एका दगडाची. साल १८९९, शहर सिडनी. पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या ऑफिसात दार बंद होऊ नये म्हणून एक दगड लावलेला असायचा. नाउरू बेटावरून आणलेलं, दगड झालेलं लाकूड असावं, असा सगळ्यांचा समज. अल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याला शंका आली, त्याने तुकडा तपासला. निघालं काय, तर उत्तम प्रतीचं फॉस्फेट!

१९०७ पासून नाउरूवरून जहाजं भरून हा खडक जायला लागला. बेट जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं. त्याचं खत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांत पडलं आणि बेटाच्या मधल्या भागात उरले चुनखडीचे सुळके. आपल्या डीएपीच्या गोणीतला फॉस्फरसही खडकातूनच येतो, बहुतेक परदेशी. नायट्रोजन हवेतून काढता येतो, याचं तसं नाही.

एवढ्या मोलाचं हे खनिज जनावरांच्या खाद्यातही घालत होते, आणि तिथे खरी गंमत आहे. धान्यातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस 'फायटेट'मध्ये कुलूपबंद असतो. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते कुलूप उघडतात. डुकरांना, कोंबड्यांना ते नीट जमत नाही. म्हणून वरून खनिज फॉस्फेट द्यायचं, आणि धान्यातलं विष्ठेतून बाहेर! (आम्ही कोडवाले याला सरळ लीक म्हणू.)

किल्लीचं नाव फायटेज, एक एन्झाइम. पिल्लांवर ते चालतं, हे १९६०च्या दशकाच्या शेवटीच अमेरिकेत दिसलं होतं. पण एन्झाइम महाग, खनिज स्वस्त. मग कोण विचारतो? मला हेच खटकतं.

विचारावं लागलं नेदरलँड्समध्ये. छोटा देश, डुकरं बेसुमार, फॉस्फरसने कालव्यांत शेवाळ माजलेलं. १९८७मध्ये सरकारने शेतात टाकायच्या मलमूत्र-खतावर फॉस्फेटच्या हिशेबाने मर्यादा घातली. डेल्फ्टच्या गिस्ट-ब्रोकेड्स कंपनीने एका काळ्या बुरशीचं जनुक वापरून फायटेज स्वस्तात बनवलं. १९९१मध्ये ते बाजारात आलं. डुकरांच्या विष्ठेतला फॉस्फरस साधारण एक तृतीयांशाने कमी झाला, वरचं खनिजही वाचलं. आता आपल्या पोल्ट्री खाद्यातही ते असतं.

तिकडे त्याच सुमारास, १९८९मध्ये, नाउरू आपल्या खणलेल्या जमिनीसाठी ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १९९३मध्ये तडजोड झाली, १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. सुळके अजून तसेच उभे आहेत.