त्यांच्यातलाच असेल

परवा शनिवारी घरी एकटाच होतो. शुक्रवारी रात्री रिलीज उरकला होता, बायको माहेरी, बाहेर पाऊस. म्हटलं, एखादा जुना सिनेमा बघू. 'इन द नेम ऑफ द फादर' होस्टेलवर असताना एका घासलेल्या सीडीवर पाहिला होता. तेव्हा लक्षात राहिला होता डॅनियल डे-लुईस. या वेळी लक्षात राहिला तो त्याचा बाप. आत्ताच हा सिनेमा का काढला, त्याला एक कारण आहे. ते शेवटी सांगतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. 5 ऑक्टोबर 1974 ला इंग्लंडमधल्या गिल्डफर्ड गावात दोन पबमध्ये आयआरएचे बॉम्ब फुटले, 5 माणसं गेली. नोव्हेंबरात बर्मिंगहॅमला आणखी स्फोट झाले आणि संसदेनं घाईघाईनं दहशतवादविरोधी कायदा केला. संशयिताला 7 दिवसांपर्यंत आरोप न ठेवता डांबून ठेवायची सोय झाली. बेलफास्टचा जेरी कॉनलन हा वीस वर्षांचा उनाड पोरगा आणि आणखी तिघं पकडले गेले. मारहाण, धमक्या, आणि मग कबुलीजबाब. 1975 मध्ये चौघांना जन्मठेप.

पण गोष्ट इथे थांबत नाही. जेरीचा बाप ज्युसेप्पे पोरासाठी वकील बघायला म्हणून लंडनला आला. छातीच्या विकारानं खंगलेला साधा माणूस. मेहुण्याच्या बायकोकडे, म्हणजे ॲनी मॅग्वायरच्या घरी उतरला आणि त्या घरातल्या सगळ्यांबरोबर तोही अटकेत! हातांवर स्फोटकाचे अंश सापडले म्हणे. ॲनीला 14 वर्षं शिक्षा झाली. तिच्या दोन पोरांनाही तुरुंगात धाडलं, त्यातला धाकटा 14 वर्षांचा होता. ज्युसेप्पे 1980 च्या जानेवारीत कैदी म्हणूनच वारला. गिल्डफर्डचे चौघे 1989 मध्ये सुटले, मॅग्वायर कुटुंबाचं नाव 1991 मध्ये साफ झालं. चाचणीवर विसंबण्यात अर्थ नव्हता, हे तोवर उघड झालं होतं.

जिम शेरिडनच्या या सिनेमानं (1993) थोडी सूट घेतली आहे. बाप-लेक सगळी वर्षं एकाच कोठडीत दाखवलेत, तसं प्रत्यक्षात नव्हतं. वकीलबाईंचा कोर्टातला तो टाळ्याखाऊ प्रसंगही तसा घडला नाही. खरं जे घडलं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला जास्त चटका लावणारं आहे. 1989 मध्ये जुन्या फायली तपासताना पोलिसांनी टाइप केलेली टिपणं सापडली, त्यांवर हातानं केलेली खाडाखोड. आणि कोर्टात 'चौकशी चालू असताना जागीच लिहिलेली' म्हणून जी हस्तलिखित टिपणं दिली होती, ती तंतोतंत या दुरुस्त्यांबरहुकूम! म्हणजे आधी ड्राफ्ट, मग एडिट, मग फायनल व्हर्जन, आणि शपथेवर सांगायचं की हे लाइव्ह आहे. वर्जन हिस्टरी कुणीतरी डिलीट करायला विसरलं म्हणून चार माणसं सुटली.

आणखी एक. दुसऱ्याच आयआरए टोळीनं 1977 मध्ये सांगून टाकलं होतं की गिल्डफर्ड आम्ही केलं, या चौघांचा संबंध नाही. तरी अपील फेटाळलं. का? मला वाटतं, कारण प्रश्न 'यानं केलं का' हा राहिलाच नव्हता. प्रश्न होता 'हा त्यांच्यातला आहे का', आणि बेलफास्टचा उच्चार कानावर पडला की त्याचं उत्तर मिळत होतं.

आता इथून मी थेट हिंगोलीला उडी मारणार आहे, सीट बेल्ट लावा.

मी मूळचा हिंगोलीचा. आमच्या गावात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा असे मोहल्ले आहेत. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज इथे छावणी करून होती, त्याच्या या खुणा. या छावणीची एक गोष्ट मेडोज टेलरच्या 1839 च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत आहे. हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित कापडव्यापारी होता. मुंबईकडून एक व्यापारी माल घेऊन येतोय हे कळल्यावर त्यानं साहेबाकडून आपल्याच नावानं मालाचा परवाना काढला, वाटेत त्या व्यापाऱ्याला गाठून मारलं आणि तेच कापड छावणीत उजळ माथ्यानं विकलं. लहानपणी ठगांच्या गोष्टी ऐकताना अंगावर काटा यायचा. (खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा, गावाचं नाव इंग्रजी पुस्तकात म्हणून!)

पण त्या ठगांचा बंदोबस्त कसा झाला, ते मी फार उशिरा वाचलं. पकडलेल्या एखाद्याला माफीचा साक्षीदार करायचं, तो नावं घेईल त्यांना धरायचं, त्यातून पुढचा साक्षीदार. आणि 1836 चा कायदा काय म्हणतो? अमका खून केला हे सिद्ध करायची गरज नाही. कायदा होण्याआधी किंवा नंतर, कधीही ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की सक्तमजुरीची जन्मठेप. यात खरे खुनी होतेच, त्याबद्दल वाद नाही. पण साक्षीदारानं जीव वाचवायला घेतलेलं नाव खरं की खोटं, हे कसं कळणार? शिवाय जबलपूरला साक्षीदारांना बायकापोरांसकट नजरेखाली वसवलं. तंबू आणि गालिचे विणून घेतले. बाप ठग, म्हणून पोरगाही आत.

पुढे 1871 मध्ये याच विचाराचा मोठा कायदा आला, गुन्हेगार जमातींचा. आता टोळीचीही गरज नाही, अमुक जमातीत जन्मलात की पोलिसात हजेरी. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणात राहिली. हा कायदा रद्द व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडला. कागदावरून कायदा गेला, पण डोक्यातून? लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलं असेल, तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

नसेल वाचलं, तर ही 2003 ची गोष्ट ऐका. त्या जूनमध्ये नाशिक भागात एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. 5 जण मारले गेले, बायकांवर अत्याचार झाला. घरातली आई आणि एक मुलगा वाचले. दुसऱ्याच दिवशी त्या आईनं पोलिसांकडच्या फोटोंमधून चार माणसं ओळखली. तो धागा पोलिसांनी सोडून दिला आणि भटक्या जमातीतल्या भलत्याच सहा मजुरांना धरलं. 2006 मध्ये नाशिकच्या कोर्टात सहाही जणांना फाशी. हायकोर्टानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेसुद्धा फार उशिरा मान्य झालं.

ते वाचले कसे? फाशीच्या प्रकरणात पुनर्विचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकायची, असा निर्णय 2014 मध्ये झाला. त्यामुळे 2018 मध्ये हे प्रकरण पुन्हा उघडलं आणि 5 मार्च 2019 ला सहाही जण निर्दोष सुटले. भटक्या जमातीतली गरीब माणसं खोटी गोवली गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा अर्थाचं कोर्टानं स्पष्ट लिहिलं. प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायला सांगितली. मी हिशेब केला (सवय!): 16 वर्षं धरली तर महिन्याला साधारण 2,600 रुपये. आणि हे तरी सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं म्हणून. विनाकारण अटक करवल्याबद्दल आपल्या फौजदारी प्रक्रियेत जी भरपाई आहे, तिची कमाल मर्यादा नव्या संहितेतही 1,000 रुपयेच राहिली.

तिकडे ब्रिटनमध्ये अशा प्रकरणांनंतर 1997 पासून चुकीच्या शिक्षा तपासणारा स्वतंत्र आयोग काम करू लागला. 2005 मध्ये पंतप्रधान ब्लेअर यांनी कॉनलन आणि मॅग्वायर कुटुंबांची जाहीर माफी मागितली. उशिरा, पण मागितली. आपल्याकडे विधी आयोगानं 2018 मध्ये भरपाईच्या कायद्याची शिफारस केली, त्याचा कायदा काही झालेला नाही.

आणि सिनेमा? आपल्याकडे चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014) आहे, अप्रतिम आहे. खोट्या खटल्यात अडकलेला लोकशाहीर वीरा साथीदारांनी कसला उभा केलाय! पण दुसऱ्यांदा पाहताना जाणवलं की कॅमेरा बचावाच्या वकिलाच्या घरी जेवायला बसतो, सरकारी वकीलबाईंच्या स्वयंपाकघरात जातो, न्यायाधीशांबरोबर सहलीलाही जातो. शाहिराच्या घरात मात्र तसा मुक्काम करत नाही. मुद्दाम असेल, कारण व्यवस्थेलाही ते घर दिसत नाही. पण आयरिश सिनेमे नेमके त्या घरात राहतात. 1981 च्या उपोषणावरचा 'सम मदर्स सन' तर कैद्यांच्या आयांचाच आहे. शिक्षा एकाला होते आणि भोगतं घर, हे त्यांनी जगाला दाखवलं. त्या सहा जणांच्या घरी 16 वर्षं काय शिजलं, पोरं शाळेत गेली का, हे आपल्याला कुणी दाखवलेलं नाही.

आता ते कारण. महिन्याभरापूर्वी आमच्या सोसायटीत एकाचा लॅपटॉप गेला. रात्रीचा वॉचमन नवीन होता, आमच्याच मराठवाड्यातला, बायको आणि दोन लेकरांसह पार्किंगमधल्या खोलीत राहायचा. ग्रुपवर कुणीतरी त्याच्या जातीचं नाव घेऊन लिहिलं, "ही लोकं असतातच तशी, काढा याला." मी मीटिंगमध्ये होतो. पूर्ण न वाचता खाली '+1' टाकलं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती खोली रिकामी होती, दोरीवर लहान मुलाचा एक शर्ट तेवढा राहिला होता. आठवड्यानं लॅपटॉप मालकाच्याच ऑफिसच्या कपाटात सापडला. ग्रुपवर त्यानं हसरा चेहरा टाकला, लोकांनी अंगठे दाखवले.

कयाधूच्या काठी भटक्यांची पालं पडली की आई अंगणातली भांडी आत घ्यायची. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. सिनेमातल्या पोलिसांना शिव्या घालताना शनिवारी ते अंगण आठवलं, आणि ते '+1'.

वॉचमनचा नंबर मिळवलाय. दोनदा फोन केला, लागला नाही. उद्या एजन्सीत जाऊन बघतो.