खड्यांचे गणित

बीडची खजाना विहीर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. अशा एखाद्या गोल विहिरीचा घेर खाली बदलत गेला, तर आतले पाणी कसे मोजायचे? पाण्याच्या कागदाएवढ्या पातळ चकत्या कल्पाव्यात, एकेक मोजावी आणि सगळ्यांची बेरीज करावी. चकत्या जितक्या पातळ, तितके उत्तर नेमके. कॉलेजात ज्याला इंटिग्रेशन म्हणतात, ते हेच. मी बी.ए.चा माणूस, याच्या पुढे जात नाही. मला ओढ आहे ती या गणिताच्या शब्दांची.

निजामी राजवटीत बीडच्या मुलाने हे गणित कोणत्या भाषेत शिकायचे? 1918 मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेही उर्दू माध्यमाचे. त्यासाठी दारुल-तर्जुमा हा अनुवादाचा विभाग होता. तिथे विज्ञानाची पुस्तके उर्दूत आली, नवे शब्द घडले. कलन म्हणजे 'एहसा'. अवकलन 'तफरुकी', संकलन 'तकमिली'. पहिल्यात आपला 'फरक' आहे, दुसऱ्यात आपला 'कमाल'! आणि एहसाचे नाते अरबीतल्या खड्याशी. लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजेही खडाच. खडे मांडून मोजणारी माणसे दोन्हीकडे होती.

देशी भाषेत वरच्या इयत्तांचे गणित शिकवता येते, हे उस्मानियाने दाखवले. त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण घरी मराठी बोलणाऱ्या पोराला ही भाषा आधी शिकावी लागे, मग गणित. आणि मुसलमानांच्या घरी तरी कुठे ती उर्दू होती? आमची दखनी वेगळी, ती अरबी-फारसीने जडावलेली उर्दू वेगळी.

1948 मध्ये संस्थान विलीन झाले, उस्मानिया इंग्रजीकडे वळले. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाले, तरी विज्ञान इंग्रजीतच राहिले. मराठीकडे शब्द नव्हते असे नाही. बाळशास्त्री जांभेकर 1846 मध्ये वारले, त्याआधीच त्यांनी 'शून्यलब्धिगणित' लिहिले होते. पुढे परिभाषा कोशांत कलन, अवकलन, संकलन हे शब्दही आले. ते बहुतेक कोशातच राहिले.

आज आपल्याकडची बारावीची पोरे इंटिग्रेशन इंग्रजीत घोकतात. क्लासला येताना वाटेत 'दूध संकलन केंद्र' अशी पाटी लागते. थेंब थेंब गोळा करून एकूण किती, हे तिथे रोज सकाळी मोजले जाते. तो शब्द आणि फळ्यावरचा शब्द एकच आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.